अनवाणी पायांपासून तीन आफ्रिकी चषकांपर्यंत : घानाचे सी. के. जाम्फी

मैदानवेडा :

आफ्रिकी फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे रॉजर मिला, जॉर्ज वेया, एटो, द्रोग्बा, सालाह ही नावं पटापट निघतात. सगळे खेळाडू. आफ्रिकी प्रशिक्षकाचं नाव विचारलं तर मात्र गप्पा थांबतात. फार तर कुणी एखाद्या युरोपीय माणसाचं नाव घेतं, जो दोन-तीन वर्षं तिकडे राहून परत गेला. म्हणून हा धागा चार्ल्स कुमी जाम्फी यांच्यावर. घानात त्यांना सगळे सी. के. म्हणत.

आफ्रिकी राष्ट्रांचा चषक प्रशिक्षक म्हणून तीनदा जिंकणारा पहिला माणूस म्हणजे जाम्फी. १९६३, १९६५ आणि १९८२. या कामगिरीशी बरोबरी व्हायला २०१० साल उजाडावं लागलं, ती इजिप्तच्या हसन शेहाता यांनी केली. पण मला या आकड्यापेक्षाही त्यांच्या आयुष्याचा पल्ला जास्त मोठा वाटतो. एकाच माणसाने वसाहतीच्या संघातून अनवाणी खेळावं, जर्मनीत व्यावसायिक खेळाडू म्हणून जावं, परत येऊन स्वतंत्र देशाचा संघ घडवावा आणि पुढे तो देश डबघाईला आलेला असताना पुन्हा एकदा चषक आणून द्यावा, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

जाम्फींचा जन्म ४ डिसेंबर १९२९ चा. तेव्हा घाना नव्हता, ब्रिटिशांची गोल्ड कोस्ट वसाहत होती. कोको, सोनं आणि लाकूड बोटीत भरायचं आणि बाहेर पाठवायचं, एवढंच ब्रिटिशांच्या लेखी त्या किनाऱ्याचं महत्त्व. फुटबॉल शाळांतून, बंदरांतून आणि मिशनऱ्यांच्या आवारांतून पसरलेला. राजधानी अक्रात १९११ पासून हार्ट्स ऑफ ओक हा क्लब होता, तर आत कुमासीत, असांते लोकांच्या राजधानीत, १९३५ साली असांते कोटोको उभा राहिला. कोटोको म्हणजे साळिंदर, असांते राज्याचं चिन्ह. या दोन क्लबांमधलं वैर कळायला मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल डोळ्यांसमोर आणा, पुढचं सांगायला नको. जाम्फी पुढच्या फळीत खेळायचे आणि कारकिर्दीत या दोन्ही क्लबांचा शर्ट त्यांनी घातला. तिथल्या चाहत्यांनी ते सहन केलं, यावरूनच त्यांच्या खेळाचा दर्जा समजावा.

१९५१ साली गोल्ड कोस्टचा संघ ब्रिटन आणि आयर्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्यात जाम्फी होते. संघ अनवाणी खेळला. सवयीचं कोरडं, टणक मैदान सोडून ओल्या गवतावर पाय रोवायचा, समोर बूट घातलेले गडी. बहुतेक सामने हरले. प्रेक्षकांना कौतुक वाटलं, वर्तमानपत्रांनी नवलाईच्या सुरात लिहिलं. दौऱ्यानंतर गोल्ड कोस्टमध्ये बूट घालूनच खेळायचं हा आग्रह सुरू झाला. माझ्या मते जाम्फींच्या पुढच्या सगळ्या विचाराचं मूळ या दौऱ्यात आहे. अंगात कसब असूनही तयारीत कमी पडलो की काय होतं, ते एकविसाव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या पायांनी अनुभवलं होतं.

६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र झाला. पंतप्रधान, पुढे राष्ट्राध्यक्ष, क्वामे एन्क्रुमा. या गृहस्थांना फुटबॉलची ताकद नेमकी कळली होती. राष्ट्रीय संघाला नाव मिळालं ब्लॅक स्टार्स. मूळ कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे नेते मार्कस गार्वी यांच्या ब्लॅक स्टार लाइन या जहाज कंपनीत. तोच काळा तारा देशाच्या झेंड्यावरही आला. त्याच वर्षी इंग्लंडचे स्टॅन्ली मॅथ्यूज घानात येऊन हार्ट्स ऑफ ओककडून प्रदर्शनीय सामने खेळून गेले. १९६२ मध्ये अक्रात रेआल माद्रिदबरोबर ब्लॅक स्टार्सनी ३-३ बरोबरी केली. होय, डी स्टेफानो आणि पुश्काशच्या काळातलं रेआल माद्रिद.

दरम्यान फोर्टुना ड्युसेलडोर्फ हा जर्मन क्लब घानाच्या दौऱ्यावर येऊन गेला होता. त्यांच्या डोळ्यांत जाम्फी भरले आणि १९६० मध्ये ते ड्युसेलडोर्फला गेले. जर्मनीत व्यावसायिक फुटबॉल खेळणारे पहिले आफ्रिकी म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. तिशी उलटलेली. खेळाडू म्हणून उमेदीची वर्षं मागे पडलेली. त्यामुळे तिथे त्यांनी किती गोल केले याला मी फार महत्त्व देत नाही. त्यांनी तिथे पाहिलं ते महत्त्वाचं : सराव कसा आखतात, दमसास कसा वाढवतात, एका खेळाडूच्या सवयी कशा सुधारतात, संघाची शिस्त रोजच्या रोज कशी सांभाळतात. खेळता खेळता त्यांनी प्रशिक्षणाचे धडे घेतले आणि ते घेऊन घानात परतले.

तोवर ब्लॅक स्टार्सचे प्रशिक्षक परदेशी होते. आधी इंग्लिश, मग स्वीडनचे आंद्रेआस श्योबेर्ग, मग हंगेरीचे योझेफ एम्बर. १९६३ मध्ये ही जबाबदारी जाम्फींकडे आली. त्याच वर्षी मे महिन्यात अदिस अबाबात आफ्रिकी एकता संघटना स्थापन झाली आणि नोव्हेंबरात आफ्रिकी चषक घानात भरला. घाना या स्पर्धेच्या मुख्य फेरीत पहिल्यांदाच उतरत होता. पहिल्याच सामन्यात ट्युनिशियाने १-१ असं रोखलं. यजमान देश, राष्ट्राध्यक्षांचा लाडका संघ, घरचा नवा प्रशिक्षक आणि बरोबरीने सुरुवात. दडपण काय असेल याची कल्पना करा. मग इथिओपियाला २-० हरवलं. १ डिसेंबरला अक्रात अंतिम सामना सुदानशी. मध्यंतरापर्यंत गोल नाही. ६२व्या मिनिटाला कर्णधार एडवर्ड अ‍ॅग्री-फिन यांनी पेनल्टीवर गोल केला आणि मग विल्बरफोर्स म्फुम यांनी दोन. ३-०. जाम्फींच्या चौतिसाव्या वाढदिवसाला तीन दिवस बाकी होते.

या जल्लोषात एक माणूस नव्हता, त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. बाबा यारा, घानाचा त्या काळचा सर्वांत लाडका विंगर. त्याच वर्षी बसच्या अपघातात त्यांच्या मणक्याला इजा झाली, पुन्हा ते उभे राहू शकले नाहीत. १९६९ मध्ये गेले. कुमासीचं मोठं स्टेडियम आज त्यांच्या नावाने आहे.

१९६५ ची स्पर्धा ट्युनिशियात झाली. संघ बराचसा नवा. काँगोला ५-२, आयव्हरी कोस्टला ४-१, आणि अंतिम सामना यजमानांशी, त्यांच्याच राजधानीत. घानाने आधी गोल केला, पण ट्युनिशियाने उलट दोन चढवले. ७९व्या मिनिटाला ओसेई कोफींनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत फ्रँक ओदोईंनी विजयी गोल केला. ३-२. लागोपाठ दोन चषक.

पुढे २४ फेब्रुवारी १९६६ ला एन्क्रुमांची सत्ता लष्कराने उलथवली आणि क्रीडा खात्याची घडीही विस्कटली. ब्लॅक स्टार्स १९६८ आणि १९७० मध्ये अंतिम फेरीत हरले. १९७८ मध्ये मायदेशात फ्रेड ओसाम-डुओडू यांच्या हाताखाली तिसरा चषक आला. आणि १९८२ मध्ये जाम्फी परतले. त्या स्पर्धेवर खाली चर्चेत लिहीनच, कारण तो स्वतंत्र विषय आहे.

२ सप्टेंबर २०१५ ला, वयाच्या ८५ व्या वर्षी, जाम्फी वारले. आपल्याकडे कुठे एक ओळही वाचल्याचं आठवत नाही.

माहितगारांनी भर घालावी.


सदाफुली :

फार सुंदर लिहिलंय. फुटबॉलमधलं मला ऑफसाइडही धड कळत नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. बाबा यारांबद्दल वाचून वाईट वाटलं. १९८२ बद्दल लवकर लिहा.


चौकस :

लेख आवडला, पण दोन गोष्टी मांडतो.

एक, आफ्रिकी प्रशिक्षक म्हणून चषक जिंकणारे जाम्फी पहिले नव्हेत (तुम्ही तसं म्हटलेलं नाही, पण वाचणाऱ्याचा तसा ग्रह होईल). १९५७ ची पहिलीच स्पर्धा इजिप्तने मुराद फहमी या इजिप्शियन प्रशिक्षकाबरोबर जिंकली. १९६२ ला इथिओपिया जिंकला तेव्हा सूत्रं यिदनेकाचू तेसेमांकडे होती.

दोन, १९६३ आणि ६५ च्या यशात एन्क्रुमांचा वाटा किती आणि जाम्फींचा किती? सरकारने खेळावर पैसा ओतला होता. ओहेने जान यांच्यासारखा धडाडीचा क्रीडा संचालक होता. रिअल रिपब्लिकन्स नावाचा आदर्श क्लब काढून त्यात देशभरातल्या क्लबांमधले उत्तम खेळाडू एकत्र आणले, म्हणजे राष्ट्रीय संघाची गाभ्याची मंडळी वर्षभर एकत्र खेळत होती. आफ्रिकी क्लबांच्या पहिल्या स्पर्धेचा चषकसुद्धा एन्क्रुमांच्या नावाने दिला गेला. एवढं सगळं हाताशी असताना कोणीही प्रशिक्षक जिंकला असता, असं म्हणायला वाव आहे ना?


मैदानवेडा :

चौकस, पहिला मुद्दा शंभर टक्के बरोबर. जाम्फींचं पहिलेपण तीन चषकांत आहे, आणि काळ्या आफ्रिकेतल्या वसाहतीतून नुकत्याच सुटलेल्या देशाचा संघ स्वतःच्या माणसाने जिंकून दाखवण्यात आहे. इजिप्त आणि इथिओपियाचा इतिहास वेगळा. हे दोन्ही देश १९५७ साली स्पर्धा सुरू झाली तेव्हाचे संस्थापक आहेत.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी वाद घालणार.

पैसा होता, मान्य. रिअल रिपब्लिकन्सचा फायदा झाला, तेही मान्य (त्यावरून बाकीचे क्लब किती चिडले होते, तेही लक्षात घ्या. आपला उत्तम खेळाडू राष्ट्राध्यक्षांच्या क्लबने उचलून न्यावा, हे कुमासीत कुणाला रुचणार?). पण हीच व्यवस्था परदेशी प्रशिक्षकांनाही उपलब्ध होती. शिवाय १९६५ कडे नीट बघा. संघ बदललेला, स्पर्धा परक्या देशात, अंतिम सामन्यात यजमान पुढे, शेवटची अकरा मिनिटं उरलेली. तिथून सामना खेचून आणायला पैसा उपयोगी पडत नाही. नवी पोरं तिथे डगमगली नाहीत याचं श्रेय त्यांना घडवणाऱ्याला द्यावंच लागेल.

आणि आता १९८२. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

घाना तेव्हा पार खचलेला होता. कोकोचं उत्पादन घसरलेलं, महागाई अफाट, दुकानं रिकामी, शिकलेली माणसं नायजेरियाची वाट धरत होती. ३१ डिसेंबर १९८१ ला जेरी रॉलिंग्ज यांनी लिमान यांचं सरकार पाडलं. स्पर्धा मार्चमध्ये, तीही गद्दाफींच्या लिबियात. लिमान सरकारचं गद्दाफींशी वाकडं असल्याने संघ पाठवायचाच नाही असं ठरलं होतं. रॉलिंग्ज आले आणि निर्णय फिरवला. म्हणजे तयारीला हातात किती वेळ उरला ते मोजा. एन्क्रुमा नाहीत, जान नाहीत, रिअल रिपब्लिकन्स नाही, पैसा तर नाहीच. १९६५ नंतर सतरा वर्षं गेलेली, आणि बावन्न वर्षांचे जाम्फी पुन्हा सरावाच्या मैदानावर.

लिबियाशी २-२, कॅमेरूनशी ०-०. दोन सामने, एकही विजय नाही. मग ट्युनिशियाला १-० हरवून कसेबसे उपांत्य फेरीत. समोर अल्जीरिया. हा तोच अल्जीरिया, ज्याने तीन महिन्यांनी विश्वचषकात हिहोनच्या मैदानावर पश्चिम जर्मनीला २-१ हरवून जगाला हादरा दिला. त्या संघाविरुद्ध घाना शेवटच्या क्षणापर्यंत मागे होता. ओपोकू एन्टींनी ऐनवेळी बरोबरी साधली आणि जादा वेळेत घाना ३-२ जिंकला. अंतिम सामना त्रिपोलीत, यजमान लिबियाशी, स्टेडियम भरलेलं. जॉर्ज अल्हसन यांचा गोल, लिबियाची बरोबरी, १-१, आणि मग पेनल्टी शूटआउटमध्ये ७-६.

या संघात एक सतरा वर्षांचा पोरगा होता. अबेदी आयू. पुढे जग त्याला अबेदी पेले म्हणून ओळखू लागलं, आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून लागोपाठ तीन वर्षं गौरव झाला. अशा मोठ्या स्पर्धेच्या धामधुमीत, तयारीला वेळ नसताना, सतरा वर्षांच्या मुलाला संघात घेण्यासाठी प्रशिक्षकाकडे पारख लागते आणि छातीही.

सरकारं बदलली, पिढ्या बदलल्या, पैसा आला आणि गेला. तिन्ही चषकांत कायम राहिलेली गोष्ट एकच, जाम्फी.


चौकस :

१९८२ चा मुद्दा पटला. अल्जीरियाचा संदर्भ माझ्या डोक्यातच नव्हता. मजेर आणि बेलूमीच्या त्या संघाला हरवलं असेल तर बोलणंच खुंटलं.


ऱ्हाइनकाठी :

मी ड्युसेलडोर्फजवळ राहतो, म्हणून थोडी भर.

१९६० साली जर्मनीत बुंडेसलीगा, म्हणजे आजची राष्ट्रीय लीग, नव्हतीच. ती १९६३ मध्ये सुरू झाली. त्याआधी प्रादेशिक लीग होत्या आणि त्यांचे विजेते शेवटी एकमेकांशी खेळून राष्ट्रीय अजिंक्यपद ठरवायचे. खेळाडूंच्या कमाईवर मर्यादा असायची, बरेच जण दुसरी नोकरी सांभाळून खेळायचे. त्यामुळे जाम्फी आले तेव्हा आजच्यासारखा झगमगाट नव्हता. युद्धात पडलेलं शहर पुन्हा उभं राहत होतं आणि फ्लिंगर्नसारख्या कामगार वस्तीतून निघालेला हा क्लब.

गंमत म्हणजे घाना आणि जर्मनीचं हे नातं पुढे फार पसरलं. १९७१ चे आफ्रिकेचे सर्वोत्तम खेळाडू इब्राहिम संडे वेर्डर ब्रेमेनमध्ये आले. नव्वदच्या दशकात टोनी येबोआ फ्रँकफुर्टकडून खेळत लीगमधले सर्वाधिक गोल करणारे ठरले. सॅमी कुफूर बायर्नकडून चॅम्पियन्स लीग जिंकले. घानात जन्मलेले गेराल्ड असामोआ २००१ मध्ये जर्मनीच्या राष्ट्रीय संघात आले. २०१० च्या विश्वचषकात तर दोन सावत्र भाऊ समोरासमोर उभे ठाकले, केविन-प्रिन्स बोआटेंग घानाकडून आणि जेरोम जर्मनीकडून. आणि जाम्फींनंतर तीसेक वर्षांनी फोर्टुना ड्युसेलडोर्फकडून अँथनी बाफो खेळले, घानाचे आंतरराष्ट्रीय खेळाडू, जन्म मात्र इथल्याच ऱ्हाइनकाठचा.

येबोआच्या काळात प्रेक्षकांतून माकडांचे आवाज काढले जायचे, त्याविरुद्ध त्यांनी आणि बाफोंनी उघड पत्र काढलं होतं. १९६० साली एकटेच असलेल्या जाम्फींच्या वाट्याला काय आलं असेल? माझ्या ऑफिसातल्या फोर्टुनाच्या कट्टर चाहत्याला जाम्फींबद्दल विचारलं तर त्याने नाव ऐकलेलं होतं, याचा मला आनंद झाला.


मैदानवेडा :

ऱ्हाइनकाठी, ही माहिती धाग्याला हवीच होती. मनापासून आभार.


जुना_खेळगडी :

अनवाणी खेळण्याबद्दल वाचून आपला १९४८ चा ऑलिंपिक संघ आठवला. लंडनमध्ये फ्रान्सविरुद्ध आपले बहुतेक गडी अनवाणी खेळले आणि १-२ असे हरले, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. म्हणजे हा सामना आपण जिंकण्यातलाच होता. १९५२ ला हेलसिंकीत गारठ्यात युगोस्लाव्हियाने १०-१ धुतलं, त्यानंतर आपल्याकडेही बूट सक्तीचे झाले. गोल्ड कोस्टचा दौरा १९५१ चा. दोघांचा रस्ता एकच आणि जवळजवळ एकाच वेळचा.

दुसरं साम्य जास्त महत्त्वाचं. आपले सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे शाळामास्तर. १९५६ ला मेलबर्नमध्ये भारत चौथा आला, मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, तो संघ रहीम साहेबांचा. १९६२ ला जकार्तात एशियाडचं सुवर्ण, तेव्हा ते आजारी होते. जून १९६३ मध्ये कर्करोगाने गेले. त्याच वर्षाच्या शेवटी जाम्फी अक्रात आपला पहिला चषक उचलत होते. एकाची कारकीर्द संपली तिथे दुसऱ्याची सुरू झाली.

रहीम गेल्यावर आपण हॅरी राइट नावाचे इंग्लिश प्रशिक्षक आणले. १९६४ च्या आशिया चषकात दुसरे आलो, मान्य. पण रहीम साहेबांनी जे उभं केलं होतं ते पुढे नेणारा वारसदार आपण घडवला नाही. घानाला जाम्फी पुन्हा मिळाले, कारण ते जिवंत होते आणि त्यांना परत बोलावण्याची बुद्धी कुणाला तरी झाली.


मैदानवेडा :

खेळगडी, अगदी मनातलं बोललात. वारसदाराचा मुद्दा घानालाही लागू आहे. १९६७ मध्ये त्यांनी ब्राझीलहून एक विशीतला तरुण प्रशिक्षक आणला. कोण, तर कार्लोस अल्बेर्तो परेरा! पुढे १९९४ ला ब्राझीलला विश्वचषक जिंकून देणारे. म्हणजे निवड वाईट नव्हती. तरी अंतिम फेरीत हार पत्करावी लागली. नंतरचे दोन्ही चषक, ७८ आणि ८२ चे, घरच्याच प्रशिक्षकांनी आणले.


माडाखालचा :

गोंयकार हांव, देखून घानाचें नाव वाचतकच कान टवकारले. मराठीतच लिहितो.

आमच्या पिढीने घानाचा फुटबॉल टीव्हीवर नाही, समोर पाहिला. युसिफ याकुबू. चर्चिल ब्रदर्सकडून खेळायचा. पेनल्टी बॉक्समध्ये पाठीवर दोन बॅक घेऊन चेंडू अडवून धरायचा आणि वळताना कुणाला कळायचंच नाही. नंतर मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडे गेला आणि २००५-०६ ची राष्ट्रीय लीग त्यांनी जिंकली, तेव्हा त्यांच्या संघात होता. कूपरेजवर त्याला पाहिलेले मुंबईकर इथे असतीलच. नायजेरियाचे ओदाफा चर्चिलकडे आणि रँटी मार्टिन्स धेंपोकडे, या दोघांनी तर गोलांचा पाऊस पाडला.

आम्ही या खेळाडूंवर जीव लावला, पण एक खंत आहे. आपल्या क्लबांनी आफ्रिकेकडे कायम गोल करणारे धिप्पाड स्ट्रायकर मागितले. तिथलं प्रशिक्षणाचं ज्ञान कधी मागितलं नाही. शिकवायला माणूस हवा की आपण युरोपकडे बघतो. जाम्फींबद्दल वाचल्यावर हे जास्तच टोचलं.


कूपरेजवाला :

+१ माडाखालचा. याकुबूला कूपरेजवर पाहिलंय. खेळताना अत्यंत शांत. रेफ्रीशी हुज्जत घालताना मी तरी कधी पाहिला नाही. महिंद्रा युनायटेड बंद झाला तेव्हा मुंबईतल्या आमच्यासारख्यांचं रविवारचं ठिकाणच गेलं.


सदाफुली :

एक बाळबोध प्रश्न. घाना एवढा चांगला होता तर १९६६ च्या विश्वचषकात का दिसला नाही? लागोपाठ दोनदा आफ्रिकेत पहिला आलेला संघ ना?


मैदानवेडा :

बाळबोध मुळीच नाही, हा तर या गोष्टीतला सर्वांत कडू भाग आहे.

१९६६ च्या विश्वचषकात सोळा जागा होत्या. आफ्रिका, आशिया आणि ओशनिया मिळून जागा किती? एक. म्हणजे आफ्रिकेत सगळ्यांना हरवलं तरी पुन्हा आशिया आणि ओशनियाच्या विजेत्याशी खेळायचं. घानाचे ओहेने जान फिफाच्या कार्यकारी समितीवर होते. ते आणि इथिओपियाचे तेसेमा यांनी हा अन्याय मान्य करायला नकार दिला. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला फिफाने पुन्हा दार उघडलं होतं, त्याचाही राग होता. शेवटी आफ्रिकेतल्या सगळ्या देशांनी पात्रता फेरीतून अंग काढून घेतलं. फिफाने दंड ठोठावला. पण १९७० पासून आफ्रिकेला स्वतःची एक जागा मिळाली, ती या बहिष्कारामुळे. १९७० ला त्या जागेवर मोरोक्को गेला.

आता जाम्फींच्या जागी स्वतःला ठेवा. हातात दोनदा चषक जिंकलेला संघ, खेळाडू ऐन भरात, आणि जगापुढे उभं राहायची संधी आपल्याच लोकांनी तत्त्वासाठी सोडलेली. तो निर्णय योग्यच होता असं मी मानतो. पण त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांत अ‍ॅग्री-फिन, म्फुम, ओसेई कोफी आणि जाम्फी आहेत. त्या विश्वचषकात आशियातून गेलेल्या उत्तर कोरियाने इटलीला हरवलं. उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालविरुद्ध तीन गोलांनी पुढेही गेले. मग त्यांच्यावर चार गोल कुणी केले? युसेबियोने, जो मोझांबिकमध्ये जन्मलेला. आफ्रिका त्या विश्वचषकात होती, फक्त पोर्तुगालच्या शर्टात.

घानाला विश्वचषक खेळायला पुढे २००६ उजाडलं. तोवर जाम्फी सत्तरी ओलांडून गेले होते.


सदाफुली :

धन्यवाद. हे माहीतच नव्हतं. शाळेत दक्षिण आफ्रिकेवरचा क्रिकेटमधला बहिष्कार तेवढा शिकलो.


चौकस :

विश्वचषकाचा विषय निघालाच आहे तर : घानाने २००६ ला आणि २०१० ला दोन्ही वेळा सर्बियन प्रशिक्षक नेले, दुय्कोविच आणि रायेवात्स. २०१० ला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले, उरुग्वेच्या सुआरेझने गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला आणि जियानची पेनल्टी बारला लागली, तो सामना. म्हणजे परदेशी प्रशिक्षकांनीही दिलं आहे. आंधळा स्वदेशीवाद नको.


मैदानवेडा :

आंधळा नकोच. जाम्फी स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते. माझा आक्षेप परदेशी ज्ञानाला नाही, घरच्या माणसावर विश्वासच न टाकण्याला आहे. आफ्रिकेत कित्येक दशकं असं चाललं की स्पर्धा तोंडावर आली की घरच्या प्रशिक्षकाला बाजूला सारायचं आणि युरोपातून कुणी तरी आणायचा. त्याला पगार वेळेवर, घरच्याचा पगार मात्र थकलेला. नायजेरियाच्या स्टीफन केशींनी खेळाडू म्हणून १९९४ ला आणि प्रशिक्षक म्हणून २०१३ ला चषक जिंकला, त्यांनाही या वागणुकीबद्दल जाहीरपणे बोलावं लागलं.

चित्र बदलतंय मात्र. घानाने २०१४ ला क्वेसी आपिया यांना विश्वचषकाला नेलं. २०२२ च्या विश्वचषकात आफ्रिकेतल्या पाचही संघांचे प्रशिक्षक आफ्रिकी होते : सेनेगलचे अलियू सिसे, कॅमेरूनचे रिगोबेर सोंग, ट्युनिशियाचे जलेल कादरी, घानाचे ओटो अड्डो आणि मोरोक्कोचे वालिद रेग्रागी, जे उपांत्य फेरीपर्यंत पोचले. आफ्रिकेचा संघ तिथपर्यंत पोचण्याची ती पहिलीच वेळ. २०२४ च्या सुरुवातीला आयव्हरी कोस्टने स्पर्धा चालू असताना फ्रेंच प्रशिक्षकाला नारळ दिला, हंगामी म्हणून एमर्स फाये यांना उभं केलं आणि चषक जिंकला.

घानाला मात्र १९८२ नंतर आफ्रिकी चषक मिळालेला नाही. १९९२, २०१० आणि २०१५, तीनदा अंतिम सामन्यात हार. त्यांतले १९९२ आणि २०१५ चे पेनल्टी शूटआउटमध्ये, दोन्ही आयव्हरी कोस्टविरुद्ध.


ऱ्हाइनकाठी :

१९९२ चं शूटआउट ११-१० असं संपलं. शेवटची पेनल्टी हुकली ती वर उल्लेख केलेल्या बाफोंची. आणि अबेदी पेले निलंबित असल्याने त्या सामन्यात नव्हते.


जुना_खेळगडी :

मैदानवेडा, यिदनेकाचू तेसेमांचं नाव या चर्चेत दोन-तीनदा आलं. खेळाडू, प्रशिक्षक आणि मग आफ्रिकी महासंघाचे अध्यक्ष, हा माणूस एका प्रतिसादात मावणारा नाही. त्यांच्यावर लिहाल का?


मैदानवेडा :

लिहितो. अदिस अबाबाच्या सेंट जॉर्ज क्लबपासून सुरुवात करावी लागेल, कारण इटालियन ताब्याच्या काळात त्या क्लबला काय अर्थ होता ते सांगितल्याशिवाय तेसेमा कळणार नाहीत. १९६२ चा चषक आणि १९७२ ते १९८७ हा अध्यक्षपदाचा काळ वेगवेगळे भाग करून घेतो. १९६६ च्या बहिष्काराची उरलेली बाजूही तिथेच येईल. नवा धागा काढला की इथे दुवा देतो.